बारा कुंड्यांची माती

देवास, ४ फेब्रुवारी २०२५

सृष्टी,

वर 'चि. सौ.' लिहायला घेतलं आणि पेन थांबलं. सौ. तू अजून पाच महिने आहेस, कोर्टाने तेवढी मुदत दिली आहे, पण हात धजावला नाही. म्हणून नुसतं नाव लिहिलं. राग मानू नको.

तू माझा फोन उचलत नाहीस. उचलू नकोस, तुझ्या जागी मी असते तर मीही उचलला नसता. मोबाइलवर मला लिहिता येत नाही, आणि बोलून पाठवायचं तर समोरच्या यमुनाबाईंपर्यंत ऐकू जातं. म्हणून कागद घेतला. अक्षर मोठं काढते आहे, कारण तुझी सगळी शाळा हिंदीत झाली आणि मराठी तू अडखळत वाचतेस. भैयासाहेबांकडून वाचून घेतलंस तरी चालेल. तुझ्या वडिलांचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध, त्यांना माझ्या चुका दिसतील. दिसू देत.

काम असं आहे. गच्चीवर तुझ्या बारा कुंड्या तशाच पडल्या आहेत, ज्यांत तू ते विलायती सेज लावलं होतंस, पावात-बिवात घालतात ते. राखाडी, लव असलेली पानं, चुरगळली की जरा कापरासारखा वास यायचा. तू जाऊन चौदा महिने झाले, कुंड्यांत आता गवत सुद्धा नाही. मला त्यांत पुन्हा सेज लावायचं आहे. रोपाचं पुढे बघू, आधी माती हवी. तू ती कशी बनवायचीस?

मला एवढंच आठवतं की भर मे महिन्यात डोक्याला ओढणी गुंडाळून तू गच्चीवर चाळण घेऊन बसायचीस. मी जिन्यातून ओरडायची, "अगं, माती चाळतेस की गहू?" आणि तू म्हणायचीस, "अक्का, इसमें पाणी रुकायला नको, बस." रुकायला नको म्हणजे काय घालायचं आणि किती, हे मी कधी विचारलं नाही. सुनेला काही विचारायचं म्हणजे कमीपणा वाटायचा. आता वाटत नाही.

प्रणव बरा आहे. कंपनीत शिफ्ट बदलते तसा जेवतो, झोपतो, मोबाइल बघतो. मी एकदा तुझं नाव काढलं तर म्हणाला, "अक्का, छोड़ ना. ताट वाढ." मी वाढलं.

मी मात्र सरळ सांगते. मला तू परत हवी आहेस. सोळा जुलैला घटस्फोटाची दुसरी तारीख आहे, त्या दिवशी तुम्ही दोघांनी सही केली की तुमचा संसार एका फायलीत गेला. त्याच्या आत मला या बारा कुंड्या भरून ठेवायच्या आहेत. त्याने काय होणार, असं तू म्हणशील. मलाही माहीत नाही. अडुसष्टाव्या वर्षी दुसरं काही करता येण्यासारखं सुचलं नाही.

अक्का


देवास, २ मार्च

सृष्टी,

तुझं उत्तर नाही. बरं. मी माझ्या अकलेने सुरुवात केली आहे, आणि ती कुठवर जाते ते तुला ठाऊकच आहे.

कोपऱ्यावरच्या प्लॉटवर घर बांधताहेत, तिथून प्लास्टरची रेती आणवली. कॉलनीच्या बागेतली माती घेतली. दोन्ही सारखं मिसळलं, दिसायला सुरेख दिसलं, अगदी भाजलेल्या रव्यासारखं. एक कुंडी भरली, पाणी ओतलं. पाणी आपलं वरच. खाली येऊन डाळ चढवली, तीन शिट्ट्या झाल्या, पुन्हा वर गेले तर त्या कुंडीत एक चिमणी आंघोळ करत होती.

दोन दिवसांनी ती माती वाळली आणि तडकली. कुंडी उपडी केली तर आख्खा गोळा बाहेर आला. त्यावर बसून भाजी निवडता आली असती.

वर-खाली करायला फार वेळ लागतो. चौतीस पायऱ्या आहेत, मी मोजल्या. एक पाय ठेवायचा, दुसरा त्याच्या शेजारी आणायचा, मग दम घ्यायचा. प्रणव म्हणतो, "तुला काय पडलंय त्या कुंड्यांचं?" मी म्हटलं, वेळ जात नाही. ते खोटं नव्हतं. संध्याकाळी तू मला जुना दिवाळी अंक वाचून दाखवायचीस, मराठी सुधारावं म्हणून. 'किंकर्तव्यमूढ' हा शब्द तुला कधी एका दमात आला नाही, आणि आला तेव्हा तू माझ्याकडून बक्षीस म्हणून शंकरपाळ्यांचा डबा उचलून नेलास. आता तो वेळ मी टीव्हीसमोर काढते आणि काय बघितलं ते सकाळी आठवत नाही. थकायला काही केलंच पाहिजे असं नाही, नुसतं बसूनही माणूस थकतो हे मला या वर्षात कळलं.

तू भावाच्या, विहंगच्या लग्नाला माहेरी धारला गेली होतीस त्या बारा दिवसांबद्दल मी काही लिहीत नाही. तू त्याबद्दल विचारू नकोस.

माती कशी करायची तेवढं कळव. दोन ओळी चालतील.

अक्का


देवास, ३० मार्च, पाडवा

सृष्टी,

तुझी चिठ्ठी आली. मी दोन मागितल्या, तू सहा ओळी पाठवल्यास. "अक्का, बारीक रेती नाही. मोटी पाहिजे, नदीची, धुतलेली. बारीक रेती मातीत सीमेंट बनते. दोन घमेली माती, दोन रेती, एक विटेचा चुरा, एक पत्तों की खाद, मूठभर जुना चुना. गोबरखाद डाली तो एक साल जुनी, आणि थोडीच. सेज को ज़्यादा खिलाना नहीं है." मी कशी आहे, तू कशी आहेस, एक शब्द नाही. तरी मी ती चिठ्ठी आधी देव्हाऱ्यात ठेवली, मग हे जरा जास्तच होतंय असं वाटून मसाल्याच्या डब्याखाली ठेवली.

यमुनाबाईंचे जावई धरमपुरीचे. त्यांनी नर्मदेची जाड रेती दोन गोण्या आणून दिली आणि गच्चीवर पोचवली, भला माणूस. मी ती टबात तीन वेळा धुतली. मग चाळली, आणि सवयीने खाली पडलेलं जपून ठेवलं, वरचे खडे टाकून दिले. अर्धी गोणी झाल्यावर तुझी चिठ्ठी पुन्हा वाचली, 'मोटी' हा शब्द दिसला, आणि टाकलेले खडे पुन्हा गोळा करत बसले. सगळं आयुष्य चाळणीखालचं घ्यायची सवय, इथे चाळणीवरचं ठेवायचं. दोन तास मी स्वतःलाच शिव्या घातल्या.

विटा खलबत्त्याच्या बत्त्याने फोडल्या. खतात मात्र पुन्हा घोळ केला. गोठ्यातून आणलं ते जुनं म्हणून दिलं, ते होतं पंधरा दिवसांचं. मिसळल्यावर हात घातला तर आतून ऊन लागलं, रोप असतं तर शिजलं असतं. ते सगळं घमेलं बाजूला केलं. म्हणजे आता पुन्हा पहिल्यापासून.

आज गुढी उभारली. छोटीच. प्रणव सेकंड शिफ्टला गेला, श्रीखंड मी एकटीनेच खाल्लं.

दुपारी विठोबाभाऊ येऊन गेले. तुला आठवत असतील, तुझे सासरे कंपनीत होते तेव्हाचे त्यांचे सोबती, रिटायर झाल्यावर पिपलरावां गावात शेती घेतली ते. गच्चीवरचं माझं साहित्य बघून म्हणाले, "वहिनी, हा काय मलबा गोळा केलाय? माझ्या शेतातली काळी माती अजून एक पोतं आणून टाकतो. मागच्या वेळची कशी निघाली?" मी त्यांना चहा दिला आणि त्यांच्या मुलीची चौकशी केली.

हे मी का लिहिलं कोण जाणे. खोडत नाही.

अक्का


देवास, ११ मे

सृष्टी,

हे पत्र भैयासाहेबांकडे देऊ नको. कितीही दिवस लागले तरी स्वतः वाच. मी शक्य तेवढं सोपं लिहिते.

त्या कुंड्यांत मी हात घातला होता.

तू लग्नाला निघालीस तेव्हा जिन्यात उभी राहून मला सांगितलंस, "अक्का, सेजला रोज पाणी नाही द्यायचं. ऊँगली घालून बघायचं, दोन पेरं सूखी लागली तरच." मी हो म्हटलं. पहिल्या दिवशी दिलं नाही. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, तू नव्हतीस म्हणून, तुळशीला पाणी घालायला वर गेले, तर समोर त्या बारा कुंड्या कोरड्या ठाक, पानं राखाडी. मला माहेरापासूनची सवय आहे, आंघोळ झाली की आधी दारातल्या झाडाला लोटा, मग तोंडात चहा. एका झाडाला घालायचं आणि बाराजणींना तहानलेलं ठेवायचं, हे माझ्याने होईना. प्रत्येकीला एक एक लोटा घातला. मग रोजच घातला.

पाणी घातलं की लगेच खालून वाहून जायचं. मला वाटलं, यात माती कुठे आहे, नुसते खडे आणि विटा. पोरीने मलब्यात झाडं लावली आहेत. खाली विठोबाभाऊंनी तुळशीसाठी दिलेलं काळ्या मातीचं पोतं होतं. आम्ही साताऱ्याकडची माणसं नोकरीपायी इथे आलो त्या दिवसापासून माळव्याच्या काळ्या मातीचं कौतुक ऐकत आलो, काहीही पेरा, येतंच. मी तुझ्या प्रत्येक कुंडीतली अर्धी माती उकरून काढली आणि काळी भरली, तळहाताने दाबून दाबून. पोतं चाळीस किलोचं होतं, मी डब्या-डब्याने वर नेली. दोन दिवस लागले.

खरं सांगू, तू खूश होशील असं वाटलं होतं. आणि थोडं असंही वाटलं होतं की झाडातलं अक्कालाही कळतं हे तुला दिसेल.

तू आलीस तोवर पानं पिवळी पडून लोंबायला लागली होती, देठ बुडाशी काळे. इंदूरच्या त्या बेकरीवाल्या बाई दर आठवड्याला पानं घेणार होत्या, पहिली टोपली त्याच शनिवारी जायची होती. तू कुंडीत बोट घातलंस, बोटाला काळा चिखल लागला. तू ते बोट वर धरून प्रणवला म्हणालीस, "देखो, ये काली मिट्टी कहाँ से आई? मी ही घातलेली नाही." मग माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, मी गच्चीवर गेलेच नाही, माझे गुडघे बघ.

का म्हटलं, हे मी सोळा महिने स्वतःला विचारलं, आणि आता सतरावा लागला. तू एकटी असतीस तर बोलले असते. प्रणव समोर होता. मुलासमोर सुनेपुढे खाली बघायचं माझ्या जिवावर आलं, एवढंच कारण आहे, याहून मोठं काही नाही.

तो म्हणाला, "तू अक्काला झूठी म्हणतेस? तुझ्याने झाडं सांभाळली गेली नाहीत आणि नाव दुसऱ्याचं. झूठ तू बोल रही है." पुढचे आठ दिवस तेच. जेवताना तेच, यमुनाबाईंसमोर तेच. मी भाजी निवडत ऐकत राहिले. तुमची आधीही भांडणं व्हायची, भिंती पातळ आहेत, मला कळायचं. पण बॅग तू त्या आठ दिवसांनंतर भरलीस.

प्रणवला यातलं काही माहीत नव्हतं. त्याने आईवर विश्वास ठेवला. दोष सगळा माझा आहे.

माती आता गच्चीवर काळ्या प्लास्टिकवर पसरली आहे, तू करायचीस तशी, उन्हाने किडे मरावेत म्हणून. सकाळी उलटी करते आणि घरात येऊन पडते. तुला काय म्हणायचं ते म्हण. काही म्हणायचं नसेल तरी मला समजेल.

अक्का


धार, ८ जून २०२५

अक्का,

पत्र मी स्वतः वाचलं. तीन दिवस लागले. 'जिवावर आलं' चा अर्थ भैयासाहेबांना विचारला, पत्र दाखवलं नाही. माझं मराठी लिहिणं असंच आहे, गलती माफ करा.

मला माहीत होतं. त्याच दिवशी. तुमच्या नखांमध्ये काळी माती होती. मी बोलले नाही कारण तुम्ही मोठ्या आहात आणि मला वाटलं तुम्ही स्वतः बोलाल. मग नाही बोललात.

तुमच्यावर गुस्सा आहे, पण तो झाडांचा गुस्सा आहे. झाडं फिर से लागतात. मला जे लागलं ते दुसरं आहे. मी ऊँगली दाखवत होते आणि हे हेल्मेट घालत होते. एकदा पण वाकून नाही बघितलं. मी डेढ़ साल इथे बसून एकच विचार केला, की त्यांना माहीत होतं आणि तरी मला झूठी म्हणाले, की माहीत नव्हतं म्हणून म्हणाले. माहीत नव्हतं तर ते आईचं ऐकणारे भोळे आहेत. अशा माणसाबरोबर मी भांडून पण राहू शकते. माहीत होतं तर नाही राहू शकत. मग ते मला कधी पण, कशासाठी पण झूठी ठरवतील.

तुम्ही लिहिलं त्यांना माहीत नव्हतं. इतकं सगळं स्वतःवर लिहिल्यावर तुम्ही यात खोटं नाही लिहिणार, हे मी मानते.

वकीलसाहेबांशी बोलले. सोळा जुलैला मी नाही म्हणू शकते, चालतं. भैयासाहेबांना सांगितलं नाही अजून. इथे गच्चीवर सेज आहे माझं, त्याच्या बारा कलमा बनवल्या आहेत. बारिश थोडी कमी झाली की घेऊन येते. माती भरताना कुंडीच्या छेदावर खापराचा तुकडा ठेवा, उलटा. आणि माती दाबू नका, कुंडी फक्त दोनदा जमिनीवर ठोका.

सृष्टी


देवास, १५ जून

सृष्टी,

पत्र मिळालं. चार वेळा वाचलं.

प्रणवला सांगितलं. तो हसला, बऱ्याच दिवसांनी. मोटरसायकल धुतली, बेडरूमचा पंखा पुसला, मला विचारलं, "अक्का, परदे नवीन आणू का?" यमुनाबाईंनाही कळलंय, त्यांना न सांगता कळतं.

बाराही कुंड्या भरल्या. खापर उलटं ठेवलं, दाबलं नाही, दोनदा ठोकलं. मुठीत माती घेऊन वळली तर लाडू होतो आणि बोट लावलं की सुटतो. पाणी ओतलं की दहा मोजायच्या आत खाली येतं.

जास्त लिहीत नाही. लिहायला बसले की माझ्याकडून काहीतरी निघतं.

अक्का


देवास, २ जुलै

सृष्टी,

सतरा दिवस झाले, घास उतरत नाही. डॉक्टर म्हणाले ॲसिडिटी आहे. ॲसिडिटी नाही.

त्याला माहीत होतं.

मी रिकामी बादली घेऊन वर जाताना दोनदा टेकते. चाळीस किलोची माती मी डब्याने नेली हे तू खरं मानलंस, कारण तुला ते खरं हवं होतं. मीही त्याच भरवशावर लिहिलं होतं. पोतं प्रणवने खांद्यावर टाकून वर नेलं. वर ठेवून त्याने विचारलं, "सृष्टी को पूछा?" मी म्हटलं, तिला काय विचारायचं, ती खूशच होईल. "देख लो," म्हणाला. मी तुझी उकरून काढलेली माती गोणीत भरून दिली ती त्यानेच मोटरसायकलवरून नेऊन नाल्यात टाकली. त्या दिवशी तू बोट दाखवत होतीस आणि तो वाकला नाही, कारण त्याला बघायची गरज नव्हती.

मी नाही म्हटल्यावर त्याने माझ्याकडे एकदा बघितलं. मला वाटलं आता हा बोलणार. मग त्याने तुझ्याकडे तोंड केलं आणि जे बोलला ते तू ऐकलंस. त्यानंतर या विषयावर आम्ही दोघं एकमेकांशी एक अक्षर बोललो नाही. माझं त्याने झाकलं, त्याचं मी झाकलं. तुला आमच्या दोघांच्या मधे एकटी ठेवलं.

गेल्या रविवारी मी त्याला म्हटलं, तू स्वतः सृष्टीला लिही, पोतं तू वर नेलं होतंस म्हणून. तो पडद्यांचे हुक लावत होता. म्हणाला, "अक्का, ती येतेय ना? मग कशाला उकरतेस. पुरानी बात है."

मी म्हटलं, "तिने नेमकं हेच विचारलंय."

"आणि तू लिहिलंस ना, माहीत नव्हतं. बस. हो गया."

"तू तिला खोटारडी म्हणालास, प्रणव."

तो स्टुलावरून उतरला. आवाज चढवला नाही. "मी काय करत होतो? तू आधी बोललीस. तू नाही म्हणालीस, मी तुझी साइड घेतली. तेरे लिए ही किया."

यात तो खोटं बोलत नव्हता. मग तो पुन्हा स्टुलावर चढला, उरलेले हुक लावले आणि विचारलं, "कैसे लग रहे हैं?" पडदे चांगले आहेत, निळे.

तो वाईट नाही, सृष्टी. मारत नाही, पीत नाही, पगार घरात देतो. त्याला घरात शांत हवं असतं, आणि शांत राहावं म्हणून तो समोरच्या दोघांपैकी जो गप्प बसेल त्याला खाली ढकलतो. हे मीच त्याला शिकवलं असणार, दुसरं कोण होतं. तू आलीस की तो तुझ्याशी चांगला वागेल, महिना, दोन महिने. मग पुन्हा काही होईल आणि तू पुन्हा कुठलं तरी बोट वर धरून उभी राहशील. मी तेव्हा असेन की नाही माहीत नाही, आणि असले तरी माझा भरवसा धरू नको, मी कशी आहे ते तू बघितलंस.

तुला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती आणि नेमकी तीच मी खोटी लिहिली. तुझं आठ जूनचं पत्र आलं तेव्हा मला खूप आनंद झाला होता, तो मी नाकारत नाही. मला या घरात एकटीला म्हातारं व्हायची भीती वाटते. संध्याकाळी कोणीतरी समोर बसून चुकीचं मराठी वाचावं, असं मला रोज वाटतं. त्यासाठी मी तुला फसवून बोलावत होते. प्रणवला ते चालणार होतं. मला चालेना.

पत्र पोचल्यावर तू येणार नाहीस, हे मला कळतं. आलीस तर सगळं ठाऊक असून ये, तेवढंच माझं मागणं.

माती मात्र चांगली झाली आहे. ती तुझ्या प्रमाणाची आहे, इथे ठेवून मी काय करू. विहंगला गाडी घेऊन पाठव, तो बाराही कुंड्या धारला घेऊन जाईल. या आठवड्यात प्रणवची फर्स्ट शिफ्ट आहे, दुपारी तीनपर्यंत घरात मी एकटीच असते.

सोळा तारखेला जज तुला विचारतील, तुमचा विचार कायम आहे का. तेव्हा अक्काचं काय होईल हे मनात आणू नको. माझं मी बघेन.

अक्का